कॉफी ग्राइंडरचा भाग लेथवर करून घेताना

कॅफेतला व्यावसायिक कॉफी ग्राइंडर सहसा एकदम मरत नाही. मोटर चालू असते, ओतीव बॉडी भक्कम असते, दातेरी चकत्या बाजारात नव्या मिळतात. तरीही यंत्र कोपऱ्यात पडून राहते, कारण आतल्या तळहाताएवढ्या भागाची बसक झिजलेली असते किंवा प्लास्टिकच्या एका दंतचक्राचे तीन दात गेलेले असतात. तो भाग कंपनीने बनवणे थांबवलेले असते, किंवा सुटा न मिळता अख्ख्या जोडणीसकट मिळतो, किंवा परदेशातून येईपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या कॅफेत जायला लागलेले असते. महाराष्ट्रात धंदा करणाऱ्याला अशा वेळी एक मोठी सोय आहे आणि तिचा विचार कॅफेवाले फार कमी करतात. भोसरी, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, नाशिकचे सातपूर-अंबड, ठाण्याचे वागळे इस्टेट: तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर कुठेतरी लेथ चालू आहे.

लेथवाल्याला भाग करता येईल का, हा प्रश्नच नाही. पंप आणि इंजिनांचे भाग करणारा माणूस ग्राइंडरचा भाग डोळे झाकून करेल. तुम्ही त्याला काय सांगता, यावर सगळे ठरते. झिजलेला भाग टेबलावर ठेवून ‘असाच एक करून द्या’ म्हणालात, तर तो अगदी तसाच करून देईल, झिजेसकट. या लेखाचा मुख्य मुद्दा एवढाच आहे: नमुना देऊ नका, माप द्या. आणि माप तुटलेल्या भागावरून काढू नका, तो भाग ज्यांच्याशी जुळतो त्या शेजाऱ्यांवरून काढा.

बोलणे अधांतरी राहू नये म्हणून एक यंत्र डोळ्यांसमोर ठेवू. व्हेनिसजवळच्या मॅझर कंपनीचा सुपर जॉली हा ग्राइंडर जगभरच्या एस्प्रेसो बारमध्ये दिसतो आणि जुन्या यंत्रांच्या बाजारातही फिरत असतो. ६४ मिमी व्यासाच्या दोन सपाट दातेरी चकत्या, ३५० वॅटची मोटर, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला सुमारे १,४०० फेरे. रचना जात्याचीच, फक्त उलटी. जात्यात खालचा दगड स्थिर असतो आणि वरचा फिरतो. इथे वरची चकती स्थिर आणि खालची फिरती. खालची चकती एका गोल कॅरिअरवर स्क्रूंनी बसते आणि कॅरिअर मोटरच्या शाफ्टवर. वरची चकती आटे पाडलेल्या कॉलरला जोडलेली असते. कॉलर फिरवली की ती खाली-वर होते आणि दळण बारीक-भरड होते.

आता एक हिशेब. कॉलरच्या आट्यांचा पिच दीड मिमी धरला, तर कॉलर एक अंश फिरवल्यावर दोन चकत्यांमधले अंतर जेमतेम ४ मायक्रॉनने बदलते. सकाळच्या दमट हवेत बरिस्ता कॉलर दोन-तीन अंश सरकवून शॉटचा वेळ जुळवतो, तो या ८ ते १२ मायक्रॉनच्या जोरावर. अशा यंत्रात खालचे कॅरिअर फिरताना ३० मायक्रॉनने डुलत असेल, तर कॉलर सात अंशांनी हलवावी इतका फरक प्रत्येक फेऱ्यात पडतो. एका बाजूने कॉफी बारीक निघते, दुसऱ्या बाजूने भरड, आणि कॉलर कितीही फिरवली तरी चव हाती लागत नाही. ३० मायक्रॉन म्हणजे ०.०३ मिमी. साध्या व्हर्निअरचे लघुतम मापच ०.०२ मिमी असते. म्हणून या कामात ‘साधारण बसतंय’ या शब्दांना किंमत नाही.

आधी खात्री करा की लेथ लागणारच आहे

मशीनिंगकडे धावण्याआधी यंत्राची वायर भिंतीतून काढा. स्विच बंद करणे पुरेसे नाही. मग तक्रार नीट ऐका.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर एक तर कपॅसिटर गेला आहे किंवा चकत्यांत काहीतरी अडकले आहे. कपॅसिटरला हात लावण्याआधी तो रेझिस्टर लावून रिकामा करा; वायर काढल्यावरही त्यात विद्युतभार राहतो आणि सणसणीत झटका देतो. मुंबईत लोहार चाळीत योग्य मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टेजचा कपॅसिटर सहज मिळतो. एवढ्यावर काम भागले तर हा लेख बाजूला ठेवून कॉफी प्या.

अडकलेली वस्तू बहुधा खडा असते. चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांत कॉफी अंगणात पसरून वाळवतात, आणि निवडताना नजरेतून सुटलेला खडा भाजणीतूनही तसाच बाहेर येतो. हॉपरमध्ये लोहचुंबक ठेवणारे कॅफे आहेत. त्याने खिळा अडतो, खडा नाही. खड्यामुळे चकतीचे दात तुटतातच, पण कॅरिअरवरचे स्क्रूचे आटे खेचले जातात किंवा चावीची खाच रुंदावते, हे नुकसान नजरेआड राहते. खडा काढून यंत्र लगेच चालू करू नका. कॅरिअर हाताने मागेपुढे हलवून पाहा. शाफ्ट स्थिर असताना ते जरासुद्धा लटलटले, तर काम लेथचे आहे.

चकत्यांखाली साचलेली कॉफीची भुकटी हाही एक फसवा आजार. कॉफीचे तेल आणि भुकटी मिळून बसकीवर कडक थर बनतो आणि त्यावर नवी चकती बसवली की ती तिरकी बसते. मी कोणालाही पहिला सल्ला हाच देतो: बसक पितळी ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धातू चमकेपर्यंत साफ करा आणि मग निदान करा.

आणि एक आजार लेथने कधीच बरा होत नाही. अमेरिकेतून स्वस्तात आणलेला ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचा ग्राइंडर ट्रान्सफॉर्मर लावून चालवला की व्होल्टेज जुळते, फ्रीक्वेन्सी जुळत नाही. मोटरचा वेग एक षष्ठांशाने कमी होतो आणि ती तापते. मग लोक बेअरिंगला दोष देतात.

काय करून घ्यायचे, काय नाही

चकत्या करून घेऊ नका. जात्याला टाकी लावून घेण्याची आपली जुनी सवय आहे, पण या चकत्यांचे दात, त्यांचा उतार, पोलादाचा कडकपणा आणि वरून केलेले ग्राइंडिंग हे सगळे मिळून दळणाची प्रत ठरवते. त्या विकत घ्या, आणि घेताना फिरण्याची दिशा, बाहेरचा व्यास आणि स्क्रूच्या भोकांचे अंतर तपासा. ६४ मिमीच्या सगळ्याच चकत्यांची भोके सारखी नसतात.

दुसरा भाग जो करून घेऊ नये, निदान आपल्या अकलेने मजबूत करून घेऊ नये, तो म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेला भाग. माल्कोनिगच्या ईके ४३ सारख्या ९८ मिमी चकत्यांच्या मोठ्या ग्राइंडरमध्ये शिअर प्लेट असते. खडा किंवा खिळा आला की ती आधी तुटते आणि चकत्या, शाफ्ट, मोटर वाचतात. ती दोनदा तुटली की मालक वैतागतो आणि म्हणतो, ‘एकदाच स्टीलची करून टाका.’ लेथवालाही खूश होतो, कारण मजबूत वस्तू करून देण्यात त्याला अभिमान वाटतो. पुढच्या खड्याला मग शाफ्ट वाकतो. आपण बदलत असलेला भाग तुटण्यासाठीच ठेवला आहे का, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारा. ज्या नरम पितळी पिनेच्या, प्लास्टिकच्या दंतचक्राच्या किंवा पातळ चकतीच्या दोन्ही बाजूंना महागडे पोलादी भाग आहेत, तिच्याबद्दल संशय धरावा. तिथे कंपनीचाच भाग आणावा आणि दोन जास्तीचे ड्रॉवरमध्ये ठेवावेत.

बोट आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी आणि हॉपर काढल्यावर मोटर बंद करणारा स्विच यांना वळसा घालणारा कोणताही भाग करू नका. ६४ मिमीच्या चकतीची कड सेकंदाला साडेचार मीटरहून जास्त वेगाने फिरते.

राहिले ते सगळे तुमचे: कॅरिअर, शाफ्टवरचे बुश, भुकटी बाहेर ढकलणारी पाती, कॉलरची मूठ, कॉफी मोजून टाकणाऱ्या डोसरचे दांडे, हॉपरची मान, स्पेसर.

माप घेणे

यंत्र खोलताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. शाफ्टच्या टोकाचा बोल्ट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी आटे पाहा. फिरण्याच्या दिशेमुळे काही ग्राइंडरमध्ये तो उलट्या आट्यांचा असतो आणि आपण सोडवतोय अशा समजुतीत माणूस तो आवळत बसतो. कॅरिअर शाफ्टवर घट्ट बसले असेल तर हातोडी नको, पुलर लावा. हातोडीचा घाव थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो.

हाताशी एक व्हर्निअर, ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर, मॅग्नेटिक स्टँडसकट ०.०१ मिमीचा डायल आणि आट्यांचा पिच गेज हवा. विकत घ्यायची गरज नाही. बरे वर्कशॉप असेल तर ही सगळी साधने तिथे असतात आणि मालक तुमच्यासमोर माप घेऊन देतो. देत नसेल तर दुसरे वर्कशॉप शोधा.

झिजलेल्या भागाचे माप हे झिजेचे माप असते. शाफ्टचे माप जिथे काहीच घासत नाही तिथे घ्या: बेअरिंगच्या खांद्याला लागून असलेली बारीक पट्टी, चावीच्या खाचेपलीकडचे टोक. मायक्रोमीटरने १६.९३ दाखवले तर मूळ आकडा बहुधा १७ होता, कारण यंत्र डिझाइन करणारा माणूस सहसा पूर्ण आकडे निवडतो. युरोपातला ग्राइंडर मिलिमीटरचा असतो. अमेरिकन असेल तर आकडे इंचाचे निघतात आणि ९.५२, १२.७० किंवा १५.८७ अशी मापे दिसली की ती अनुक्रमे तीन अष्टमांश, अर्धा आणि पाच अष्टमांश इंच आहेत हे ओळखावे. त्यांना ‘सुधारून’ साडेनऊ किंवा सोळा करू नये.

सगळ्यात भरवशाचा साक्षीदार बेअरिंग. त्यावरचा क्रमांक जगभर एकच अर्थ सांगतो. ६२०२ असेल तर आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि जाडी ११ मिमी. ६२०३ असेल तर १७, ४० आणि १२. म्हणजे शाफ्ट कितीही झिजला असला तरी तो मुळात किती होता, हे बेअरिंगच सांगते. त्याच शाफ्टवरच्या पुढच्या पायऱ्याही मग अंदाजाने उलगडतात.

आट्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक खास सापळा आहे. पाव इंची व्हिटवर्थचा स्क्रू आणि एम६ हाताला सारखेच लागतात: एकाचा व्यास ६.३५, पिच १.२७, दुसऱ्याचा ६ आणि पिच १. आधीच्या कोणा मेकॅनिकने हाताला लागलेला स्क्रू ठोकून बसवला असेल तर भोकातले आटे कुठल्याच जातीचे उरत नाहीत. पिच गेज लावल्याशिवाय आट्यांचा आकडा कागदावर लिहू नका.

ड्रॉइंगसाठी संगणक लागत नाही. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने दोन दृश्ये काढा, एक समोरून आणि एक मधोमध कापून. ज्या मापांवर काम अवलंबून आहे तेवढ्यांवरच टॉलरन्स लिहा, बाकीच्यांपुढे ‘अधिक-उणे ०.२ चालेल’ असे स्पष्ट लिहा. सगळीकडे काटेकोर मापे मागितली की लेथवाला एक तर किंमत चौपट सांगतो, किंवा कागद गंभीरपणे घ्यायचेच सोडून देतो. दुसरे जास्त वाईट.

कॅरिअर: खरा कस इथे

फिरणारे कॅरिअर हा भाग दिसायला सोपा, एक जाडसर थाळी आणि मधे भोक. पण चकतीचे डुलणे ठरते ते इथेच. कॅरिअरच्या दोन पृष्ठभागांचे एकमेकांशी नाते बिनचूक लागते: शाफ्टवर बसणारे मधले भोक आणि चकती टेकते ती सपाट बसक. बसक भोकाच्या अक्षाला काटकोनात हवी, बस्स. थाळीचा बाहेरचा व्यास अर्धा मिलिमीटर कमी झाला तरी कोणाला कळणारही नाही.

त्यामुळे लेथवाल्याला सांगायचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे: ‘बोअर आणि बसकीचे फेसिंग एकाच पकडीत करा, मधे जॉब चकमधून काढू नका.’ साध्या थ्री-जॉ चकमध्ये जॉब काढून पुन्हा धरला की तो नेमका त्याच जागी येत नाही, ०.०५ मिमी किंवा अधिक फरक सहज पडतो, आणि आपली मर्यादा तर ०.०२ ते ०.०३ आहे. दुसरी बाजू करावीच लागते, पण ती मँड्रेलवर बसवून किंवा त्याच मापाला बोअर केलेल्या नरम जबड्यांत धरून करावी. अनुभवी टर्नरला हे सांगावे लागत नाही, पण ड्रॉइंगवर लिहिलेले असले की काम घाईत हेल्परच्या हाती गेले तरी वाचते.

भोक एच७ टॉलरन्सचे मागा. १० ते १८ मिमीच्या शाफ्टसाठी याचा अर्थ असा की भोक मूळ मापापेक्षा लहान असता कामा नये आणि मोठे असले तर जास्तीत जास्त १८ मायक्रॉन. आधी बोअरिंग टूलने भोक सरळ करून शेवटचा हात रीमरने मारावा. नुसते ड्रिल करून रीमर घातला तर माप बरोबर येते पण भोक वाकडे राहते, कारण रीमर आधीच्या भोकाच्या मागे मागे जातो. शाफ्ट सोबत घेऊन जा. तेलाचा हात लावलेले कॅरिअर अंगठ्याच्या दाबाने सावकाश सरकत खाली बसले पाहिजे. आपोआप खाली पडले तर सैल आहे, ठोकावे लागले तर आवळ.

जुने कॅरिअर ठीक असून फक्त चकतीच्या स्क्रूचे आटे गेले असतील तर नवे करण्याची गरज नाही. एम४ चे आटे गेले म्हणून एम५ पाडण्याचा मोह होतो, पण चकतीची भोके एम४ साठीच आहेत. तिथे हेलिकॉइल घाला: ४.२ मिमीचे ड्रिल, हेलिकॉइलचा खास टॅप आणि तारेचे वेटोळे. ॲल्युमिनियममध्ये हे मूळ आट्यांपेक्षाही मजबूत होते. तीनपैकी एकच आटा गेला असला तरी तिन्ही ठिकाणी घालून घ्या.

कशाचे करावे? ॲल्युमिनियम ६०६१ किंवा ६०८२ हे माझे पहिले उत्तर, मूळ भाग ॲल्युमिनियमचा असेल तर. हलके, गंजत नाही, छान कापले जाते. मूळ भाग पोलादी असेल तर स्टेनलेस ३०४ घ्या. ते चिवट असल्याने लेथवाला कुरकुर करेल आणि ईएन ८ सुचवेल. ईएन ८ उत्तम पोलाद आहे, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात ते गंजते आणि गंजाची चव कॉफीत उतरते. पितळाबद्दल विशेष सावध राहा. लेथवर सहज कापले जाणारे, बाजारात सर्वाधिक मिळणारे फ्री-कटिंग पितळ शिसे घातलेले असते. कॉलरच्या बाहेरच्या मुठीला ते चालेल, कॉफी जिथून जाते तिथे नको.

ॲल्युमिनियमवर हार्ड ॲनोडायझिंग करून घेणे चांगले, पण त्याचा थर जागा खातो. २५ मायक्रॉनच्या थराचा साधारण अर्धा भाग धातूत आणि अर्धा वर चढतो. म्हणजे भोकाचा व्यास २५ मायक्रॉनने घटतो आणि काळजीपूर्वक केलेले एच७ माप वाया जाते. भोक आणि बसक झाकून ॲनोडायझिंग करायला सांगा, किंवा ते करूच नका.

ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसवर स्टेनलेस असे आटे घासले की ते एकमेकांना धरतात आणि मग सुटता सुटत नाहीत. कॉलर नवी करून घेणार असाल तर दोन्ही बाजूंचे धातू वेगवेगळे ठेवा आणि आट्यांना खाद्य यंत्रांसाठीचे एच१ दर्जाचे ग्रीस पातळ लावा.

शाफ्ट आणि प्लास्टिक

शाफ्टवरची बेअरिंगची बसक सैल झाली की आपल्याकडे एक सर्रास उपाय करतात: सेंटर पंचाने शाफ्टवर टिपके ठोकून त्याला ‘फुगवणे’. बेअरिंग घट्ट बसते, टिपक्यांच्या टोकांवर बसते, आणि काही आठवड्यांत टोके झिजून पुन्हा सैल होते, तेही वाकडे. कोणी हे करताना दिसला तर शाफ्ट त्याच्या हातातून काढून घ्या. वेल्डिंगने भर घालणे त्याहून वाईट. मोटरचा बारीक शाफ्ट उष्णतेने वाकतो आणि वाइंडिंगही जवळच असते.

झीज अगदी थोडी, दोन-तीन शतांश मिलिमीटरची असेल, तर बेअरिंगसाठीचे रिटेनिंग कंपाउंड, उदाहरणार्थ पुढे कधी खोलता येईल असे लॉकटाइट ६४१, पुरेसे आहे. जास्त असेल तर शाफ्ट एक-दीड मिलिमीटर खाली उतरवून त्यावर पोलादी बुश गरम करून बसवावे आणि मग बुशचे शेवटचे माप शाफ्ट दोन्ही सेंटरमध्ये धरून काढावे. १७ मिमीच्या शाफ्टसाठी १७.००१ ते १७.०१२ हा पल्ला सांगा. हे काम सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवाल्याकडे द्या, लेथवर नको. बेअरिंग रबरी सीलचे, म्हणजे २आरएस घ्या. पत्र्याच्या झाकणातून कॉफीची भुकटी आत शिरते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ती मिळतात, पण फार स्वस्त मिळाली तर डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नका.

डोसरचे दंतचक्र, दांडा, आतली पाती यांसाठी डेलरिन घ्या. नायलॉन स्वस्त असते आणि दुकानदार तेच पुढे करतो, पण ते ओलावा शोषून फुगते. उन्हाळ्यात छान फिरणारे दंतचक्र जुलैमध्ये अडकते. थ्री-डी प्रिंट केलेला भाग माप तपासायला फार उपयोगी आहे. आधी प्रिंट बसवून पाहा, मग डेलरिनचा करा. प्रिंटच्या थरांमधल्या फटींत कॉफीचे तेल साचून खवट होते, म्हणून तो कायमचा ठेवू नये.

वर्कशॉपशी व्यवहार करताना एवढे लक्षात असू द्या की एका नगात मटेरियलची किंमत किरकोळ असते. पैसे लागतात ते यंत्र सेट करण्याच्या वेळेचे. म्हणून दोन नग मागा. दुसरा फारसा महाग पडत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा प्रत्येक जण मोठ्या कंपनीची ऑर्डर पुरी करत असतो. काम ताब्यात घेताना मापे तिथेच, तुमच्यासमोर तपासा आणि कडांवरचे बारीक धारदार बुरे काढून घ्या.

जोडणी आणि चाचणी

नवा भाग गरम पाणी आणि साबणाने धुवा, मग अल्कोहोलने पुसा. कापताना वापरलेले तेल डोळ्यांना दिसत नाही, कॉफीत मात्र लगेच कळते.

कॅरिअर शाफ्टवर बसवून चकती लावण्याआधी डायल बसकीवर टेकवा आणि हाताने एक पूर्ण फेरा द्या. काटा ०.०२ मिमीच्या आत हलला तर उत्तम, ०.०३ पर्यंत चालेल, ०.०५ असेल तर भाग परत न्या. मग चकती बसवा. स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका.

पुढची चाचणी फुकटातली आहे. चकत्यांच्या बाहेरच्या सपाट कडेवर व्हाइटबोर्डच्या मार्करने शाई लावा, कॉलर हलक्या हाताने बंद करत जा आणि खालची चकती हाताने फिरवा. घासल्याचा बारीक आवाज आला की थांबा, उघडा, पाहा. शाई सगळीकडे सारखी पुसली असेल तर काम झाले. वरच्या चकतीवर एकाच बाजूची पुसली असेल तर तिच्या समोरच्या बाजूला बसकीखाली स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा घालून पुन्हा पाहा. फॉइल एक-दोन शतांश मिलिमीटर जाडीची असते, या कामाला अगदी योग्य. फॉइलच्या चार-पाच घड्या लागत असतील तर मात्र भागच चुकीचा झाला आहे आणि फॉइलने तो झाकू नये.

ज्या जागी चकत्या घासायला लागतात ती खूण कॉलरवर करून ठेवा. नंतर कॉलर भरडाकडे उघडून मगच वीज लावा. आधी रिकामे, अर्धा मिनिट, आवाज ऐकत. मग शिळ्या दाण्यांचा अर्धा किलो दळून सगळा टाकून द्या. नव्या चकत्यांचे आणि नव्या भागाचे धातूचे कण त्यात निघून जातात. आठवडाभराने स्क्रू पुन्हा तपासा.

बॉडीलाच तडा गेला असेल, मोटरचे वाइंडिंग जळाले असेल आणि चकत्याही संपल्या असतील, तर ही सगळी खटपट करू नका, दुसरा ग्राइंडर घ्या. या तिन्हींपैकी एकच गेले असेल तर दुरुस्ती परवडते. भाग करून झाला की ड्रॉइंगवर तारीख, मटेरियल आणि वर्कशॉपचे नाव लिहा, एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ग्राइंडरच्या तळाच्या पत्र्याच्या आत चिकटवा आणि दुसरा नग तिथेच टांगून ठेवा. पुढच्या वेळी यंत्र उघडणारा माणूस तुम्हीच असाल असे नाही.